त्या दिवशी माझा पेपर होता

१२ जानेवारी

आजपासून उमेदवारीचं शेवटचं वर्ष सुरू झालं. हे पार पडलं की मी परवानाधारक सर्व्हेअर.

लोकांना सांगायला गेलं की ते म्हणतात, जमीन मोजायला एवढं काय लागतं? टेप धरायची नि आकडा लिहायचा! तर पदवी लागते, एक परीक्षा लागते, मग चार वर्षं एखाद्या परवानाधारकाच्या हाताखाली ऊन खावं लागतं. ‘ही तयार आहे’ असं त्यानं लिहून द्यावं लागतं. त्याखेरीज मंडळाचे दोन पेपर, एक मोजणीचा आणि एक कायद्याचा. एवढं झालं की शिक्का मिळतो. तो उमटवला की तुमच्या रेघेवर लोक भिंती बांधतात.

मी बाबांच्या हाताखाली आहे. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांचा मुलगा दुसरीकडे संसार थाटून बसला तेव्हा मी बॅग भरली होती. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, ती उचलून परत कपाटावर टाकली. “गेला तो. तू कशाला जातेस?” दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी माझ्या मापाचे बूट आणून दारात ठेवले आणि म्हणाले, “चल, साइटवर माणूस कमी आहे.”

मग गेले. अजून जातेच आहे.

३० जानेवारी

बाबांनी आज पुन्हा माझी परीक्षा घेतली. तळ्याकाठच्या गोदामाचं काम होतं. त्यांनी ट्रायपॉडवर यंत्र चढवलं, पण पातळी दाखवणारा बुडबुडा मध्ये आणलाच नाही, तसेच आकडे वाचायला लागले. मी म्हटलं, “बाबा, लेव्हल?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मग हसले. “बघत होतो, तुझं लक्ष आहे का.”

गेल्या आठवड्यातही त्यांनी असंच केलं, कोन उलटा सांगितला. मी पकडला. असा गुरू मिळायला नशीब लागतं. घरी येऊन आईंना फुशारकीनं सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या, सुरी खाली ठेवली. “काय म्हणाले? नक्की शब्द काय होते त्यांचे?”

यांना मोजणीत एवढा रस कधीपासून?

१७ फेब्रुवारी

आई आता साइटवरही येतात. गाडीत बसून विणत असतात. म्हणे घरी करमत नाही. इतकी वर्षं करमलं, आता काय झालं?

त्यातून बाबांना बोलूच देत नाहीत. आज ऑफिसात इथल्या शाळेतल्या शिक्षिका आल्या होत्या. या भागातली अर्धी माणसं त्यांच्या हाताखालून गेली आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या मागच्या गल्लीत कोपऱ्याचा प्लॉट घेतलाय. आयुष्यभर भाड्याच्या खोल्यांत राहिले, म्हणाल्या, आता स्वतःच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन आलं पाहिजे. हद्द ठरली की बांधकाम सुरू करायचं.

बाबा त्यांच्याकडे हसून बघत होते, एवढ्यात आई मध्येच, “अहो, या शिक्षिका. मागच्या गल्लीतल्या प्लॉटच्या. मागच्या सोमवारी आल्या होत्या ना?” बाबा म्हणाले, “हो हो, माहितीये.” माहीतच असणार! माणसाला एवढं पढवायचं म्हणजे काय? मला बाबांचीच लाज वाटली. म्हणजे त्यांच्यासाठी लाज वाटली.

२१ मार्च

येताना गाडीत बाबांचा धडा.

“कागद म्हणतो साठ फूट, दगड म्हणतो एकसष्ट. कुणाचं ऐकशील?”

“दगडाचं.”

“का?”

“ज्यानं पहिल्यांदा हद्द आखली त्यानं आधी दगड रोवला, आकडा मागून लिहिला.”

“शाबास. आणि हाच तो दगड, कशावरून?”

“आजूबाजूच्या दोन-तीन जुन्या खुणांवरून ताडून बघायचं. एकट्या दगडावर विश्वास ठेवायचा नाही.”

पुढच्या चौकात पुन्हा तोच प्रश्न. घराजवळ आल्यावर पुन्हा तोच. मी तिन्ही वेळा उत्तर दिलं. घोकून घेतात ते हे असं. मागच्या सीटवर आईंच्या सुया थांबल्या होत्या.

६ एप्रिल

कायद्याच्या पेपरची तारीख आली, ११ मे. मोजणीचा पेपर मागेच निघालाय, आता हाच राहिला. मी उड्या मारत स्वयंपाकघरात गेले, तर आई म्हणाल्या, “या खेपेला नको देऊस. पुढच्या खेपेला दे.”

“का पण?”

“घाई काय आहे? तेव्हा मी डोळ्याच्या डॉक्टरकडे जाणार आहे. ते एकटे पडतील.”

“आई, बाबा काय कुक्कुलं बाळ आहेत?”

“सगळं तुलाच कळतं,” म्हणाल्या आणि नळ सोडून भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी.

मला खरंच वाईट वाटलं. या बाईनं मला पोटच्या पोरीसारखं ठेवून घेतलं, कबूल. पण सून नवऱ्याच्या बरोबरीला यायला लागली की सासूला कुठेतरी टोचतंच म्हणायचं. आतून बाबांचा आवाज आला, “देऊ दे तिला. उशीर नको.” थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, “उशीर नको.”

देणार. मी देणारच.

११ मे

पेपर झाला! मंडळाच्या इमारतीत वरच्या मजल्यावर. माझ्या पुढचा मनुष्य सतत शिंकत होता, तरी वेळेआधी संपवला. शेवटचा मोठा प्रश्न दगड आणि कागदाचाच. लिहिताना हसू आलं.

घरी आले तर बाबा पायरीवर बसलेले, शर्टाला माती, चेहऱ्यावर लहान मुलाचा आनंद. “शिक्षिकेची मोजणी करून टाकली,” म्हणाले. यंत्र खांद्यावर टाकून एकटेच मागच्या गल्लीत गेले होते. यंत्रानं नेम धरायचा प्रिझम पलीकडे शिक्षिकेनंच धरला म्हणे. मी टाळ्या वाजवल्या.

आई डॉक्टरकडे गेल्याच नव्हत्या. घरीच होत्या. दुपारी डोळा लागला तेवढ्यात हे निसटले, म्हणाल्या. निसटले! जणू काही कोंडून ठेवलं होतं.

पेपर कसा गेला, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

१६ मे

शिक्षिकेचा नकाशा काढला. बाबांचे आकडे सुरेख जुळले, शेवटची रेघ पहिल्या बिंदूवर अलगद येऊन बसली. फक्त शेजारच्या कुलूपवाल्याच्या बाजूला रुंदी कागदापेक्षा जास्त भरते. विचारलं तर बाबा म्हणाले, “दगडाचं ऐकायचं.”

बरोबर. गल्ली जुनी आहे, कागद ढोबळ असतात. मी नकाशावर शाई फिरवली, बाबांनी सही-शिक्का केला. शिक्षिकेनं दोन्ही हातांनी नकाशा घेतला.

२७ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतंय.

शिक्षिकेचा शेजारी कुलूपवाला सकाळी ऑफिसात आला. भला माणूस आहे, आमच्या दाराचं कुलूप त्यानंच बसवलंय. उभ्याउभ्याच म्हणाला, “बाईंची भिंत माझ्या जागेत आलीये. मी म्हटलं, साहेबांनी मोजलंय म्हणजे माझंच चुकत असेल. पण एकदा बघा.”

मी एकटीच गेले. घर छतापर्यंत आलंय. बाबांनी ज्या दगडापासून सुरुवात केली तो मला बाहेरूनच दिसला. तो हद्दीचा दगडच नाही. जुन्या फाटकाच्या खांबाचं बूड आहे ते, वर खिळ्याचं भोक आहे. पहिल्या दिवशीचा उमेदवारसुद्धा तो दगड धरणार नाही. कुंपणाच्या बुडाशी खणलं तर खरा दगड मिळाला. गवताखाली होता, माथ्यावर फुलीची खूण. गल्लीतल्या आणखी दोन दगडांशी ताडून पाहिला. तोच आहे.

सकाळच्या उन्हाचं ते अख्खं स्वयंपाकघर कुलूपवाल्याच्या जागेत आहे.

हे बाबांनी केलं? मला तपासायला तर नक्कीच नाही.

२८ ऑगस्ट

बाबांना दोन्ही दगडांचे फोटो दाखवले. त्यांनी नीट पाहिले. “कुणी केलंय हे काम? गाढवच दिसतोय,” म्हणाले.

“बाबा, हे शिक्षिकेचं घर.”

“कुठली शिक्षिका?”

मी आईंकडे पाहिलं. आई खिडकीबाहेर बघत होत्या. आणि मग बुडबुडा, उलटा कोन, तीनदा विचारलेला एकच प्रश्न, विणायच्या सुया, सगळं माझ्या अंगावर एकदम कोसळलं. मी इतके महिने माणूस खचताना बघत होते, आणि त्याला शिकवणी समजून खूश होत होते.

५ सप्टेंबर

शिक्षिकेची तक्रार मंडळाकडे गेली. त्या स्वतः सांगायला आल्या होत्या. “साहेबांवर राग नाही माझा. पण भिंत पडायची तर कशासाठी पडतेय हे कुणीतरी सांगायला हवं ना?” चहाला हात लावला नाही. सोळा तारखेला सुनावणी आहे.

त्या गेल्यावर आईंनी दार लावलं आणि माझ्यासमोर बसल्या.

“तू सांग, मोजणी तू केलीस. त्यांनी विश्वासानं नुसती सही केली.”

“आई...”

“तारीख कोण बघतंय, आणि शिक्षिका काही त्यांच्याविरुद्ध बोलायच्या नाहीत. उमेदवाराच्या हातून चुका होतात. तुला एक-दोन वर्षं थांबवतील. तू तरुण आहेस. त्यांचं आता नावाशिवाय काय उरलंय? ते तेवढं घेऊन जाऊ देत त्यांना.”

एक-दोन वर्षं नव्हे. अशा चुकीवर उमेदवारीच रद्द होते, पुन्हा पहिल्यापासून. आईंना ते माहीत आहे का, हे मी विचारलं नाही. हो म्हणाल्या असत्या तर?

१० सप्टेंबर

या घरानं मला काय काय दिलं ते आज अंघोळ करताना आठवत होते. पाणी थंड झालं तरी आठवणं संपेना. ठरवलं, आई म्हणतात तसंच सांगायचं.

११ सप्टेंबर

नाही. शिक्षिकेला खरं कळलं पाहिजे. आणि उद्या बाबा पुन्हा यंत्र घेऊन कुठे गेले तर?

१४ सप्टेंबर

पण बाबांना तिथे, सगळ्यांसमोर? कसं सांगू?

१६ सप्टेंबर

लांबट टेबल. पलीकडे अध्यक्ष, म्हणजे पिकल्या केसांच्या एक सर्व्हेअर बाई, आणि दोन सभासद. अलीकडे आम्ही. बाबांना आईंनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. शिक्षिका आणि कुलूपवाला मागे, शेजारीशेजारी बसलेले.

खोलीत जाईपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं. खरंच नव्हतं.

अध्यक्षांनी बाबांना आदरानं विचारलं, “या प्लॉटची मोजणी कुणी केली?”

“सुनेनं,” बाबा म्हणाले.

आईंनी पढवलं असेल, असं मला वाटलं. पण आईही चमकून त्यांच्याकडे बघत होत्या. बाबांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती. त्यांना समोर दिसत होतं ते सगळं. “मी यंत्रापाशी होतो. पलीकडे ही प्रिझम धरून. दगड हिनं दाखवला. मी म्हटलं, ताडून बघितलास का? ही म्हणाली, हो.”

अध्यक्ष माझ्याकडे वळल्या. “तुम्ही त्या दिवशी तिथे होता?”

‘हो’ म्हणायला किती लागतं? एक अक्षर. मी तोंड उघडलं, आणि मला बाबाच आठवले. गाडीतले, पुन्हा पुन्हा विचारणारे.

“नाही,” मी म्हटलं. “त्या दिवशी माझा पेपर होता. याच इमारतीत, वरच्या मजल्यावर.”

बाबा माझ्याकडे वळले. रागावले नव्हते. एखादी साधी गोष्ट मी विसरले असेन, तसं बघत होते. “असं काय करतेस? तू होतीस की गं. तू तर नेहमीच असतेस माझ्याबरोबर.”

मागून शिक्षिकेचा आवाज आला, “साहेब, प्रिझम मी धरला होता.” त्या रडत होत्या.

मग अध्यक्षांनी बाबांना हळू आवाजात आणखी थोडं विचारलं. आज वार कोणता, आपण कुठे बसलो आहोत. बाबांनी आईंकडे पाहिलं. या वेळी आईंनी उत्तर सांगितलं नाही.

परवाना काढून घेतला. शिक्का टेबलावर ठेवायला सांगितलं, तेव्हा बाबांनी तो उचलून माझ्याच हातात दिला.

१७ सप्टेंबर

आज आई फुटल्या.

“मिळालं का तुझं खरं?”

“आई, मला आधी का नाही सांगितलंत? डॉक्टरांनी कधी सांगितलं होतं?”

“गेल्या वर्षी. त्याच दिवशी शिक्का परत करायला निघाले होते ते. चप्पल घातली, दारापर्यंत गेले, परत आले. म्हणाले, पोरीची वर्षं अर्ध्यावर आहेत. मी थांबलो तर तिला दुसरं कोण घेणार, नवऱ्यानं टाकलेलीला? तेवढी वर्षं काढतो. तू सांभाळ मला. तिला मात्र सांगू नकोस, ती शिकायचं सोडून देईल.” आईंनी श्वास घेतला. “मी सांभाळलं. एक दिवस मागितला मी तुझ्याकडे. एक.”

मला कुठे तोंड लपवू असं झालं. सासूला टोचतंय, असं लिहिलं होतं मी. इथेच लिहिलं होतं.

२१ ऑक्टोबर

शिक्षिकेची भिंत पाडली. मी हद्द पुन्हा आखून दिली. सही अध्यक्षांच्या ऑफिसातल्या सर्व्हेअरची, माझे उरलेले महिने आता तिथेच पुरे करायचे आहेत. घर मागे सरकवायला जागा नाही. स्वयंपाकघर आता पश्चिमेला, अरुंद. कुलूपवाल्यानं दोन दिवस दुकान बंद ठेवून विटा वाहिल्या.

“असू दे. संध्याकाळचं ऊनसुद्धा ऊनच,” शिक्षिका म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या. मला बरं वाटलं नाही.

३ डिसेंबर

आई कामापुरतं बोलतात. ‘दूध आणलं’, ‘गोळ्या दिल्या’. बाबा आता मला ‘तुम्ही’ म्हणतात. सुरुवातीला वाटलं चेष्टा करतायत.

१९ फेब्रुवारी

परवाना मिळाला. हात वर करून शपथ घेतली, शिक्का घेतला. सगळ्यांबरोबर घरची माणसं आली होती. माझा फोटो शिंकणाऱ्यानं काढला, तोही पास झालाय.

घरी आले तेव्हा चार वाजले असतील. बाबा पुढच्या खोलीत बसले होते. मला बघून अदबीनं उठायला लागले.

“बसा ना. तुम्ही मोजणी ऑफिसातल्या का?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं झालं आलात.” त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “माझी सून आहे, तिच्याविषयी बोलायचंय. माझ्या हातून एक भिंत चुकली. लोक तिचं नाव घेतात. कुणी उठवलं कोण जाणे. ती त्या दिवशी नव्हतीच. पेपर होता तिचा. मी एकटा गेलो होतो.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

“तेवढं लिहून घ्या, बाई. नाहीतर पोरीचं लायसन अडेल.”

मी पर्समधून कागद काढला, मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. ते वाकून बघत होते. ‘एकटा’ या शब्दावर त्यांनी बोट ठेवलं. “हे ठळक करा.” मी ठळक केलं.

“सही कुठे?”

मी जागा दाखवली. त्यांनी पेन टेकवलं आणि थांबले. पहिलं अक्षरच येईना. हजारो नकाशांवर केलेली सही. त्यांनी गोंधळून वर पाहिलं, माझ्या मागे.

आई दारात उभ्या होत्या. केव्हापासून, माहीत नाही. त्या आल्या, बाबांच्या शेजारी बसल्या, त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. दोघांनी मिळून सही केली. वाकडीतिकडी, पण पुरी.

बाबांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली. “जपून न्या. आणि निघा आता, बाई. घरी वाट बघत असतील तुमची.”

मी उठले. नमस्कार केला, पायऱ्या उतरले, फाटकाबाहेर जाऊन भिंतीशी उभी राहिले. कुठे जायचं ते कळत नव्हतं. खिडकीतून ते दिसत होते, मी नीट गेले ना ते बघत होते.

थोड्या वेळानं बोळातलं मागचं दार वाजलं. आईंनी डोकं बाहेर काढलं.

“इकडून ये,” त्या म्हणाल्या. “चहा टाकलाय.”